आरशातले नारिंगी हातमोजे

या, जरा जवळ सरका. पाय दुमडून बसा, हातातलं काम घटकाभर बाजूला राहू द्या. आज एका बाईची गोष्ट सांगते. तिला जिंकत राहायचं होतं, पण पैशासाठी नव्हे. गोष्ट जुगाराच्या अड्ड्यात घडते म्हणून नाक मुरडू नका. देवाला आत यायला कुठलंही दार चालतं.

लव्हॉन टॉलफसन तिचं नाव. वय एकाहत्तर. मिनेसोटाच्या सपाट मुलखातल्या एका लहानशा गावात तिनं सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं, आणि तिच्या नवऱ्यानं, आर्व्हिडनं, एकतीस वर्षं त्याच शाळेची पिवळी बस चालवली. सकाळी पोरं त्याच्या ताब्यात, दुपारी तिच्या. दोघं निवृत्त झाली तेव्हा साठवलेल्या पैशांतून त्यांनी एक वापरलेलं मोटारहोम घेतलं. चौतीस फूट लांब गाडी. आत पलंग, शेगडी, न्हाणी, सगळा संसार. मागच्या काचेखाली आर्व्हिडनं स्वतः कोरलेली लाकडी पाटी होती, दोघांच्या नावांची. नोव्हेंबरात बर्फ पडू लागला की दक्षिणेला ॲरिझोनाच्या उन्हात जायचं आणि ईस्टरच्या सुमारास घरी परतायचं. असे नऊ हिवाळे झाले.

गाडी चालवायची आर्व्हिडनं. मागे घेताना मात्र हुकूम लव्हॉनचा. ती हातात नारिंगी हातमोजे घालून गाडीच्या मागे डाव्या अंगाला उभी राहायची, त्याला आरशात दिसेल अशी. दोन्ही हात स्वतःकडे हलवले की ये. एक हात आडवा केला की शेपूट त्या बाजूला ने. मनगटं एकमेकांवर टाकून फुली केली की थांब. तोंडातून शब्द नाही. गाडी लावताना मुक्कामाच्या तळातळावर नवरा-बायकोची अशी जुंपते की शेजारपाजारचे खुर्च्या टाकून मजा बघत बसतात. या दोघांनी तशी करमणूक कधी कुणाची केली नाही. आर्व्हिड तेवढा स्टिअरिंगमागे बसून चर्चमधलं एखादं भजन खालच्या पट्टीत गुणगुणायचा. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल. गावच्या चर्चमध्ये लोक म्हणायचे, आर्व्हिड नसला की गाण्याला बूड राहत नाही.

आणि या सगळ्या खुणांच्या वर एक नियम होता. आरशातलं माणूस दिसेनासं झालं की ब्रेक. मागून कुणी हॉर्न वाजवो, शिव्या घालो, माणूस पुन्हा दिसेपर्यंत एक इंच हलायचं नाही. बसखाली एखादं पोर येऊ नये म्हणून एकतीस वर्षं पाळलेला नियम होता तो. आर्व्हिडच्या हातून कुणाला ओरखडाही आला नव्हता.

ऑक्टोबरात डॉक्टरनं त्याच्या हृदयाचं चित्र पडद्यावर दाखवलं आणि दोघांना खुर्च्यांवर बसायला सांगितलं. बसायला सांगितलं तेव्हाच लव्हॉनला कळलं. हृदय थकलं होतं. औषधानं ओढत नेता येईल, पण उन्हाळा दिसेल असं डॉक्टर म्हणाला नाही.

"मग उन्हात जाऊन बसतो," आर्व्हिड म्हणाला. "थंडीत बसून वाट कशाला बघायची?" आणि गाडीत बसल्यावर म्हणाला, "एका अटीवर. तू गाडी शिकायची. वाटेत माझं काही झालं तर तुला घरी येता आलं पाहिजे. कुणाच्या पाया न पडता."

"शिकते," लव्हॉन म्हणाली.

म्हणाली खरी. पण नेब्रास्कात वारा फार होता. कॅन्ससमध्ये रस्त्याचं काम चाललं होतं. न्यू मेक्सिकोत तिचं डोकं दुखलं. ॲरिझोनात आल्यावर चष्मा बदलायला झाला. आर्व्हिड नुसता मान डोलवायचा. शाळा बुडवायला पोटदुखी आणणारी पोरं त्यानं थोडी का पाहिली होती! लव्हॉनला शिकायची भीती नव्हती, बरं का. शाळेच्या भटारखान्यातली माणूसभर उंचीची यंत्रं तिनं चालवली होती. पण ज्या दिवशी ती स्टिअरिंगमागच्या त्या खुर्चीत बसेल, त्या दिवशी ती खुर्ची रिकामी झाली असं होईल. एवढंच तिच्या मनानं धरलं होतं, आणि ते काही केल्या सोडत नव्हतं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी ती दोघं वाळवंटातल्या एका कॅसिनोच्या आवारात उतरली. तिथल्या मूळच्या आदिवासी लोकांनी आपल्याच जमिनीवर चालवलेला कॅसिनो. मागे फुटबॉलची चार मैदानं मावतील एवढं डांबरी पटांगण, आणि मोटारहोमवाल्यांना मुक्काम फुकट. सकाळचे नऊ वाजले होते. पटांगणात त्यांच्याखेरीज दोनच गाड्या होत्या, त्याही पार टोकाला.

आर्व्हिडनं कॉफीचा पेला खाली ठेवला. "लव्हॉन, याच्याहून मोकळी जागा देवानं बनवली असेल तर ती चंद्रावर. आज चुकारपणा नाही."

"अरे, पण आपण इथं फुकट राहिलोय," ती म्हणाली. "आत जाऊन थोडं खर्चायला नको? तूच म्हणतोस, ज्याच्या अंगणात उतरायचं त्याचा मान राखायचा."

हे खरंच होतं. फुकट उतरणाऱ्यांनी आत निदान जेवून तरी यावं, असा मोटारहोमवाल्यांचा अलिखित रिवाज आहे, आणि आर्व्हिड तो पाळायचा. पण तो फक्त जेवणघरापर्यंत जायचा. त्याच्या आईनं पत्तेसुद्धा घरात येऊ दिले नव्हते.

"किती वेळ मान राखणार आहेस?"

"वीस डॉलर."

"वीस डॉलर संपले की स्टिअरिंगवर?"

"संपले की."

"हात मिळव."

तिनं हात मिळवला. त्याचा हात गार होता. त्यानं घडीची खुर्ची काढली, गाडीच्या सावलीत कॅसिनोच्या दाराकडे तोंड करून मांडली आणि नारिंगी हातमोजे मांडीवर ठेवून बसला. बस सुटायच्या आधी बसायचा तसा.

आत ना घड्याळ ना खिडकी. सकाळ आहे की संध्याकाळ, कुणाला पत्ता नाही. लव्हॉनला बरं वाटलं. तिला असंच ठिकाण हवं होतं. काउंटरवरच्या मुलीनं तिच्या नावाचं खेळाडूचं कार्ड करून दिलं. त्याला टेलिफोनच्या वायरीसारखी गुंडाळी होती. एक टोक स्वेटरला अडकवायचं, कार्ड जुगाराच्या यंत्रात खुपसायचं. म्हणजे माणूस आणि यंत्र एकमेकांना बांधलेले. तळ्याचं आणि माशांचं चित्र असलेलं एक यंत्र तिनं निवडलं, कारण ते घरच्या तळ्यासारखं दिसत होतं. वीसची नोट आत सारली आणि सगळ्यांत लहान डाव लावला.

एक डाव खेळायचा, कॉफीचा घोट घ्यायचा, रुमालानं चष्मा पुसायचा, मग दुसरा डाव.

"बाई, तुम्ही त्याला खेळवताय का तो तुम्हाला?" शेजारच्या खुर्चीवरची म्हातारी म्हणाली. ती तिथलीच होती. रुंद चेहरा, पांढऱ्या केसांची वेणी, गळ्यात लहानसा क्रूस. बर्नडीन तिचं नाव. इस्पितळाच्या धोबीखान्यातून निवृत्त झाली होती आणि दर मंगळवारी इथं यायची. "एवढ्या सावकाश तर आमचा पाद्रीसुद्धा जेवत नाही."

"मला घाई नाही," लव्हॉन म्हणाली.

"ते दिसतंच आहे."

आणि मग ते यंत्र देऊ लागलं. आधी दोन डॉलर. मग पाच. एक मोठा मासा उडी मारून आला आणि घंटा वाजली. विसाचे चौतीस झाले, चौतिसाचे एकवीस, एकविसाचे पन्नास. दर घंटेला लव्हॉनचा जीव हलका होत होता. कधीतरी त्या घंटांच्या गजरात तिच्या मनात एक गोष्ट रुजली. ती तुम्हाआम्हाला वेडेपणाची वाटेल, पण घरात आजारी माणूस असलेल्यांनी हसू नये. तिला वाटू लागलं की हे पैसे आहेत तोवर तो आहे. शब्द दिलाय ना, संपले की बसेन. मग संपूच द्यायचे नाहीत. बाहेर सावलीत तो तसाच बसून राहील, मांडीवर हातमोजे घेऊन, कायमचा. चर्चच्या बाकावर गुडघे टेकून मागितलं नव्हतं इतक्या कळकळीनं ती त्या माशांकडे मागत होती. देवा, अजून थोडं. अजून एक घंटा.

देवानं ऐकलं, किंवा यंत्रानं ऐकलं. पडदाभर मासे झाले. दिवे पेटले, बाजा वाजला आणि यंत्र जागच्या जागी थबकलं. बटण दाबावं तर दबेना.

"अगं बाई गं!" बर्नडीन खुर्चीवरून उठली. "अठराशे! अठराशेच्या वर लागलेत तुला! आता हलू नकोस, माणूस कराचा कागद घेऊन येईल. एवढी मोठी रक्कम ते हातात देतात." तिनं लव्हॉनला मिठी मारली, आणि मिठीतल्या मिठीत तिला कळलं की ही बाई हुंदके देतेय.

"काय झालं? एवढं जिंकून मयताला आल्यासारखी रडणारी पहिलीच बघितली मी."

मग लव्हॉननं सांगितलं. डॉक्टर, अट, वारा, डोकेदुखी, वीस डॉलर, खुर्ची, हातमोजे. सगळं एका दमात. पोटच्या पोरीला, फार्गोच्या कॅरिनला, फोनवर सांगता आलं नव्हतं ते या अनोळखी बाईला.

बर्नडीन परत खुर्चीत बसली. मग आपल्या यंत्राकडे बघत म्हणाली, "माझा नवरा इग्नेशस घरातला गॅसचा बंब पेटवायचा. त्याची छोटी ज्योत सारखी विझायची, खाली आडवं होऊन पेटवावी लागायची. आजारी पडला तेव्हा म्हणाला, बर्नडीन, ये, दाखवतो. मी म्हटलं, उद्या. रोज म्हटलं, उद्या. मला वाटायचं, मी शिकले तर त्याला वाटेल आता आपलं काम नाही, आणि तो जाईल." तिनं क्रूस बोटात धरला. "मी न शिकताच गेला. दोन हिवाळे थंड पाण्यानं अंघोळ केली मी. गावात पेटवून देणारे पन्नास जण आहेत, पण बोलावलं नाही कुणाला. राग यायचा मला. त्याचा नाही, माझा. त्याला दाखवायचं होतं गं. मला शिकायचं होतं की नव्हतं, हा प्रश्नच नव्हता."

लव्हॉन डोळे पुसायची थांबली.

"पण अजून संपले कुठे," ती लहान पोरीसारखी म्हणाली. "ठरलं होतं, संपले की."

"कुठले? तुझे वीस? ते कधीच गेले या माशाच्या पोटात. हे जे लागलेत ते आमच्या कॅसिनोचे. तुझे संपले, बाई. ऊठ."

कागदावर सही झाली, पैसे हातात आले. लव्हॉन इतक्या लगबगीनं उठली की गुंडाळी ताणली गेली आणि कार्ड फटकन यंत्रातून निसटून तिच्या पोटावर येऊन आदळलं. ते तसंच लोंबकळत ठेवून ती दाराकडे गेली.

बाहेर ऊन डोक्यावर आलं होतं. तीन तासांच्या वर होऊन गेले होते. सावली सरकली होती आणि आर्व्हिड खुर्चीत तसाच, आता पुरा उन्हात. मान छातीवर. हातमोजे मांडीवरून खाली पडलेले. त्या पटांगणातली शंभर पावलं लव्हॉन कशी चालली, ते तिचं तिला ठाऊक.

"आर्व्हिड!"

त्यानं मान वर केली. "काय गं, केवढ्यानं ओरडतेस! डुलकी लागली जरा." त्यानं तिच्या लोंबकळत्या कार्डाकडे, मग तिच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. "हरलीस?"

पन्नास वर्षांच्या संसारात तिनं त्याला फसवलं नव्हतं. "हरले," ती म्हणाली. खिशातलं पाकीट मांडीला टोचत होतं.

"वीस डॉलर हरायला तीन तास. तू जुगार खेळत होतीस की स्वेटर विणत होतीस?"

"ऊठ आता. बोलू नकोस फार, नाहीतर मन बदलेल माझं."

ती स्टिअरिंगमागे बसली. गादीला त्याच्या बसण्याचा खळगा पडला होता. ती त्यात हरवून गेली. खुर्ची पुढे ओढली, आरसे खाली केले. त्यानं दोन खुणा म्हणून भांडी धुवायची निळी बादली आणि झाडू मांडला, हातमोजे चढवले आणि मागे गेला, डाव्या अंगाला. नऊ वर्षं ती जिथं उभी राहिली तिथं. आरशात तो दिसला तेव्हा तिच्या मनात आलं, इतकी वर्षं मी त्याला अशी दिसत होते तर. एवढी लहान. एवढी एकटी.

पहिल्यांदा तिनं त्याच्या हाताच्या उलट बाजूला चाक फिरवलं आणि शेपूट भलतीकडे गेलं. बादली चाकाखाली गेली. तो आवाज! आर्व्हिड धावतच, म्हणजे त्याच्या परीनं धावत, खिडकीशी आला.

"एकतीस वर्षांत मी एक बादली मारली नव्हती."

"मग आता घरात एक झाली."

"चाक उलटं फिरवलंस, लव्हॉन. मागे जाताना उलटं काही नसतं. हात दाखवीन तिकडेच चाक फिरव, शेपूट तिकडेच जातं."

"नऊ वर्षं मीच दाखवतेय, कळतं मला!"

"कळत होतं तर बादली का मारलीस?"

दोघं हसली. तिला वाटलं, शिकणं एवढंच असेल तर रोज शिकेन. दुसऱ्यांदा बरं जमलं. तिसऱ्यांदा तिनं काच खाली केली, आणि मागून तो खोल सूर ऐकू आला. तो हात हलवत होता, ये, ये, आणि गात होता. ती त्या सुरावर गाडी मागे आणत होती. दहा फूट. आठ. तोंडानं तीही वरचा सूर धरू लागली होती.

आणि खालचा सूर थांबला. आरशात बघितलं तर डांबर, ऊन आणि झाडू. माणूस नाही.

तिचा पाय ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, कपाटातल्या बश्या खणखणल्या. तिनं हाताचा ब्रेक ओढला, किल्ली फिरवली, सगळं त्यानं सांगितलेल्या क्रमानं केलं, आणि मगच खाली उतरली.

तो गाडीच्या उजव्या अंगाला, गाड्या अडवायच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर बसला होता. ओठ निळसर. एक नारिंगी हात छातीवर, एक गुडघ्यावर. तिला बघून त्यानं गुडघ्यावरचा हात उचलला.

"मुद्दाम सरकलो," तो दमानं, एकेक शब्द वेचत म्हणाला. "बघायचं होतं... थांबतेस का."

लव्हॉन त्याच्याशेजारी बसली. श्वास कसा चालला होता ते तिला दिसत होतं. मुद्दाम सरकलेल्या माणसाचा श्वास तसा चालत नाही. पण तिच्या खिशात एक पाकीट होतं, आणि त्यानंही तिला खोदून काही विचारलं नव्हतं.

"थांबले की नाही?" ती म्हणाली.

"थांबलीस. लगेच थांबलीस." त्यानं डोळे मिटले. "आता मला झोप लागेल."

त्यानंतर ती रोज शिकली. मोठ्या रस्त्यावर, घाटात, वाऱ्यात. आर्व्हिड शेजारी बसायचा आणि भजनं गुणगुणायचा, दिवसेंदिवस थोडी हळू. मार्चच्या शेवटी, परतीच्या वाटेवर, न्यू मेक्सिकोतल्या एका लहान गावच्या इस्पितळात तो गेला. सकाळची वेळ होती. हात तिच्या हातात होता.

कॅरिनचा फोन आला. "आई, तू तिथंच थांब. मी विमानानं येते. गाडी राहू दे, कुणीतरी माणूस पाठवून आणू."

"तू सरळ घरी जा," लव्हॉन म्हणाली. "बाबांना इथून विमानानं गावी पाठवतायत. त्यांच्या आधी पोचून घर गरम करून ठेव. मी गाडी घेऊन येते."

"एकटी? आई, चौदाशे मैल!"

"एकटी कशी? त्यांनी शिकवलंय मला."

सहा दिवस लागले. डिझेल माशांच्या पैशांतून भरलं. मुक्कामाच्या तळांवर अनोळखी म्हातारे आपापल्या खुर्च्यांवरून उठायचे, तिच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि हात हलवायचे. पाटीवरची दोन नावं वाचून, दुसरा कुठंय, असं कुणी विचारायचं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी ती गावात शिरली. अंगणात गॅरेजच्या बाजूला गाडी मागे घ्यायची जागा, दोन्हीकडे उपसलेल्या बर्फाचे ढीग. तिनं गाडी वळवली, डाव्या आरशात बघितलं. मागे कुणी नव्हतं.

ती थांबली. नियमच होता तो. इंजिन घुरघुरत राहिलं. कॅरिन दार उघडून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, मी उभी राहू का मागे?" लव्हॉननं नको म्हणून मान हलवली. ती उतरली, पायरीजवळचं बर्फ उपसायचं फावडं घेतलं आणि तो उभा राहायचा तिथं, डाव्या अंगाला, बर्फाच्या ढिगात खोल रोवलं. कोटाच्या खिशातून नारिंगी हातमोजे काढले आणि फावड्याच्या मुठीवर दोन बाजूंना चढवले.

मग ती खुर्चीत जाऊन बसली. काच खाली केली. आरशात दोन नारिंगी हात वाऱ्यानं जरा हलत होते. ये, ये. तिनं गायला सुरुवात केली. आज वरचा सूर तिनं सोडून दिला आणि खालचा धरला, तिच्या गळ्याला न पेलणारा, तो धरायचा तो. गाडी इंच इंच मागे आली आणि हातमोज्यांपाशी येऊन थांबली. फावडं हललंसुद्धा नाही.

एवढीच गोष्ट. तुमच्यापैकी कुणी कधी गाडी मागे घेत असेल, आणि आरशात आपलं माणूस हात हलवत उभं दिसेल, तेव्हा क्षणभर ब्रेकवर पाय ठेवा. त्या माणसाला डोळे भरून बघून घ्या. आणि मिनेसोटाच्या त्या खोल आवाजाच्या बसवाल्याची, आर्व्हिड टॉलफसनची, आठवण काढा.